हातावरचा भात

शेवट आधीच सांगून टाकते. मी बरी आहे. काठी घेऊन चालते, आपल्या हाताने जेवते आणि हेही आपल्याच हाताने लिहितेय. अक्षर कोंबडीचे पाय उमटल्यासारखं आलंय, पण छापताना ते सरळ होईल.

"आई, तुम्ही फोनवर प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगता. त्यापेक्षा एकदा लिहूनच काढा ना," असं माझी सून केतकी म्हणाली. ती गमतीनं म्हणाली, मी मनावर घेतलं. ज्यांच्या घरी हे दुखणं आलंय, त्यांना कुणीतरी बरं झालेलं माणूस बघायचं असतं. मलाही तेव्हा तेच हवं होतं. औषधांची नावं मला विचारू नका, माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही आलं ते वाचनालयातून आणि लोकांशी बोलून आलं. बोलायला मी कुणाला हार जात नाही.

मी सुमन. सोलापूरची. आमचे हे गेल्यावर मुलगा मंदार मला चेन्नईला घेऊन आला. तो ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात आहे, केतकी कॉम्प्युटरच्या कंपनीत. मला तमिळ येतं ते भाजी घेण्यापुरतं. आता त्यात दवाखान्याचं तमिळ जमा झालंय.

मुंग्या

सुरुवात पोट बिघडण्यापासून झाली. दोन-तीन दिवस जुलाब झाले, थांबले. मीठ-साखरेचं पाणी प्यायले, दहीभात खाल्ला, विसरून गेले. आठवडा गेला असेल नसेल, पायांच्या बोटांत मुंग्या यायला लागल्या. मी म्हटलं, चप्पल न घालता गच्चीवर सांडगे घालत बसले होते, तापलेल्या गच्चीचा वात धरला. तिळाचं तेल कोमट करून पायांना लावलं. दुसऱ्या दिवशी मुंग्या घोट्यापर्यंत आल्या, तर मी तेलाची वाटी घोट्यापर्यंत चढवली. गुडघ्यापर्यंत आल्या तेव्हा तेल संपलं.

मग एका सकाळी केतकीनं कॉफीचा टंबलर हातात दिला. इथं कॉफी स्टीलच्या टंबलरात देतात, काठाला धरायची, नाहीतर भाजतं. मी तो पुरता मुठीत धरला आणि मला तो गरम लागलाच नाही. केतकी ओरडली, "आई, भाजेल." मी म्हटलं, "थंड तर झालीय." तिनं टंबलरला बोट लावलं आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली.

उठायला गेले तर पाय आपले नव्हतेच. खाली बसले ते कोसळून.

हे नीट वाचा. मुंग्या पायातून वर वर चढायला लागल्या, जिना चढताना पाय भरून यायला लागले, तर तेल लावत बसू नका. दवाखान्यात जा. मी वाताला दोष देत तीन-चार दिवस घालवले.

एका दमात किती

एग्मोरजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. पाठीतलं पाणी काढलं, हातापायांना विजेचे झटके देऊन बघितलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस आखूड, आवाज गोड. त्यांनी केतकीला इंग्रजीत सांगितलं आणि केतकीनं मला. नाव जीबीएस. म्हणजे काय, तर आपल्या अंगातले शिपाई, जे बाहेरच्या रोगाशी लढतात, ते चुकून आपल्याच नसांना मारत सुटतात. नसांवरचं वेष्टण खरवडून काढतात. म्हणून पाय गेले, आता हात जातायत. बहुतेक लोक यातून बरे होतात, पण आधी किती वर चढतं ते बघावं लागतं. छातीपर्यंत चढलं तर श्वासाचं यंत्र.

मी विचारलं, "आणि ते कसं कळणार?"

तर म्हणे, एक मोठा श्वास घ्या आणि त्या एका दमात जेवढे आकडे म्हणता येतील तेवढे मोठ्यानं म्हणा.

मी मराठीत सुरू केलं. डॉक्टरीणबाईंना मराठीचा गंध नाही. त्या आपल्या मान हलवत ऐकतायत. पहिल्या वेळी मी पंचविसाच्या पुढे गेले. संध्याकाळी अठरावर दम संपला. दुसऱ्या दिवशी चौदा. तेव्हा माझ्या मनात आलं, मधले दोन-तीन आकडे गाळून शेवट मोठा केला तर या बाईला काय कळणार आहे? केतकी शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं सगळे आकडे म्हटले. हसू आलं आम्हाला दोघींना, आणि हसताना माझा दम पुन्हा संपला, म्हणून तिला रडू आलं.

त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी घराण्याची माहिती विचारली. केतकी मला मराठीत विचारत होती आणि लिहून देत होती. वडील कशानं गेले, भाऊ-बहीण आहे का. मग, "तुमच्या आईला नसांचं काही दुखणं होतं?"

मी म्हणाले, "कुठल्या आईला?"

भीतीनं माणूस काय बोलून जाईल सांगता येत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगा पन्नाशीला आला, पण सासरच्या घरात हा विषय मी कधी काढला नव्हता. केतकीचं पेन थांबलं.

मद्रासची

माझी जन्मदाती आई मी सहा वर्षांची असताना गेली. वडील सोलापूरला रेल्वेत होते. त्यांच्या हाताखाली मद्रासकडचा एक माणूस होता, तंजावरी मराठी. तिकडे राजांच्या वेळेपासून राहिलेले मराठी लोक आहेत, ते घरात अजून मराठी बोलतात. त्याची बहीण लग्नाची होती. वडिलांनी तिच्याशी लग्न केलं. तिचं नाव जानकीबाई. तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या असतील.

त्यांची मराठी आमच्या गल्लीला नाटकातली वाटायची. "मज पाणी दे", "तुज भूक लागली कां?" बायका मुद्दाम त्यांना बोलतं करायच्या आणि पदरात तोंड घालायच्या. त्यांना ते कळत होतं, पण त्या बोलायच्या थांबल्या नाहीत.

त्यांची एक पद्धत होती. संध्याकाळी मोठ्या पातेल्यात भात, तूप, आंबट वरण कालवायचं. आम्ही ज्याला सांबार म्हणतो त्याला त्या आंबट वरण म्हणत. मुलांना भोवती बसवायचं आणि प्रत्येकाच्या तळहातावर एकेक गोळा ठेवायचा. गोळ्यात अंगठ्यानं खळगा करायचा आणि त्यात वरून आणखी वरण ओतायचं. ताट नाही, वाटी नाही. तिकडे सगळ्या घरांत आया असंच भरवतात. गल्लीतली चार पोरं त्यांच्याभोवती जमायची, आनंदानं हात पुढे करायची.

आमची आत्या, जिनं मला आई गेल्यावर सांभाळलं होतं, तिनं हे एकदा बघितलं. "हातावर भात घ्यायला तू काय दारातली भिकारीण आहेस?" असं मला म्हणाली. झालं. त्या दिवसापासून मी ताटच घेतलं. जानकीबाई विचारायच्या, "हातावर देऊ की ताट?" मी म्हणायची, "ताट." रोज विचारायच्या हं. चार वर्षं. रोज एकच उत्तर.

आई म्हण, असं वडील सांगायचे. म्हणू नकोस, असं आत्या सांगायची. म्हणून मी त्यांना काहीच म्हटलं नाही. "ऐका ना", "हे बघा ना", असं करून चार वर्षं काढली.

मग वडील गेले. जानकीबाईंचा भाऊ आला आणि त्यांना घेऊन गेला. मी आत्याकडे राहिले. मद्रासला गेल्या, एवढंच ठाऊक होतं. मुलाबरोबर मी स्वतः इथं राहायला आले तेव्हा गाडीतून उतरताना एकदा मनात आलं होतं, इथंच कुठेतरी होती बाई. पण शहर केवढं, वर्षं किती गेली. असेल तरी कुठे असणार.

हे सगळं मी केतकीला त्या दिवशी तुटक तुटक सांगितलं. सांगून झाल्यावर मला अतिदक्षता विभागात नेलं.

नाक खाजणं

ज्यांनी हे भोगलंय त्यांनाच कळेल. हात उचलत नसताना नाक खाजतं तेव्हा काय होतं, ते शत्रूलाही न होवो. मी डोळ्यांनी नर्सला खुणवायची, ती उशी सरकवायची. पुन्हा खुणवायची, ती पाणी हवंय का विचारायची. मल्लिका नावाची एक आया होती, ठेंगणी, पान खाणारी. तिला पहिल्या दिवशीच कळलं. ती पदराच्या टोकानं माझं नाक असं रगडायची की डोळ्यांत पाणी यायचं. "पोदुमा, अम्मा?" पुरे का, असं विचारायची. मी मान हलवायची, आणखी. जाता-येता ती एकदा पदर फिरवून जायची, देवाला हात जोडावेत तशी.

शिरेतून पाच दिवस औषध गेलं. गिळायला येईना म्हणून नाकातून नळी घातली. श्वासाचं यंत्र माझ्या पलंगाशेजारी आणून ठेवलं होतं, त्याला मी सवत म्हणायची. धड बोलता येत नव्हतं तेव्हा मनात म्हणायची. रोज कुजबुजत का होईना, आकडे मोजायला लावत. अकरापर्यंत उतरले आणि तिथंच राहिले. मग एके सकाळी बारा झाले. डॉक्टरीणबाईंना तोवर मराठी बारा ओळखू येत होतं. त्यांनी टाळी वाजवली. दुपारी सवतीला दुसरीकडे नेलं.

बाहेर मात्र माझ्यावरून घरात ताण चालला होता. मंदारची पाळी पहाटेची, केतकीची मीटिंग रात्रीपर्यंत. रजा कुणी घ्यायची यावरून दोघं माझ्या दारातच हळू आवाजात भांडायचे, म्हणजे मला ऐकू येईल इतक्या हळू. त्यात मंदार माझ्यावरही रागावला होता. "मला एक आजी होती आणि तू मला सांगितलं नाहीस?" नाकात नळी घातलेल्या बाईला उत्तर देता येत नाही, हा त्या नळीचा एकच फायदा.

वरती दिलेली मुलगी

आता केतकीचा पराक्रम ऐका. तिनं मला न विचारता शोध सुरू केला.

तिच्या कंपनीत एक तंजावरी मराठी मुलगा होता. तिनं त्याला नाव सांगितलं, जानकीबाई. तो म्हणाला, "मॅडम, आमच्यात सगळ्या जानकी आणि सगळे राव. नावावर काही सापडणार नाही. कुठं दिली होती ते सांगा."

"सोलापूरला."

"मग सोपं आहे. वरती दिलेली मुलगी लक्षात राहते."

त्यानं त्याच्या आजीला फोन केला. त्यांच्यात मुली आपापसांत, फार तर तिरुचीपर्यंत द्यायच्या. महाराष्ट्रात दिलेली म्हणजे मोठी गोष्ट. आजीनं दुसऱ्या आजीला विचारलं, तिनं तिसरीला. आठवड्याच्या आत निरोप आला. सोलापूरला दिलेली, नवरा गेल्यावर परत आलेली, मग शाळेत शिवणाच्या बाई झालेली जानकी. इथंच चेन्नईत, वेस्ट मांबलमला पुतण्याकडे असते. कानानं अधू आहे, बाकी ठणठणीत.

केतकीनं मला सांगितलं तेव्हा मला अतिदक्षता विभागातून साध्या खोलीत आणलं होतं. आवाज परत यायला लागला होता, नाकातून येणारा, बारीक. मी म्हणाले, "नको."

"का नको?"

"अशी नको."

खरंच नको होतं मला. ती बाई गेली तेव्हा मी दोन वेण्या घालून दोन पायांवर उभी होते. आता मला कुशीवर वळवायला दोन माणसं लागत होती. भेटायचंच तर चालत जाऊन भेटेन. आणि चालता नाही आलं तर भेटायचंच नाही, असं मी मनात ठरवून टाकलं.

केतकी म्हणाली, "बरं." तिचं 'बरं' मी ओळखते. ते हो नसतं.

दोन कान, अर्धा आवाज

जानकीबाई भेटीच्या वेळेत आल्या, पुतण्याची बायको गीता हिच्या दंडाला धरून. सुती नऊवार नाही, तिकडची सुती साडी, नाकात दोन्हीकडे चमकी. चौऱ्याऐंशीच्या आसपासच्या. दोन्ही कानांत यंत्रं. दारात उभ्या राहून माझ्याकडे बघत राहिल्या. मी डोळे मिटून घेतले.

पलंगाजवळ येऊन पहिलं वाक्य काय बोलल्या? "वेणी कोणी घातली ही?"

मल्लिका कोपऱ्यात उभी होती. तिला मराठी कळत नव्हतं, पण बोट तिच्याकडे गेलेलं कळलं. ती ताठ झाली. मग या दोघींचं तमिळमधून माझ्या डोक्यावर भांडण सुरू झालं आणि ते संपेपर्यंत माझी वेणी सुटून दुसरी घातलेली होती. घट्ट, कपाळाची कातडी ओढणारी. लहानपणी मी या वेणीसाठी रडायची.

"एवढी बोलकी होतीस," त्या म्हणाल्या, "तुज नळी घालून गप्प बसवावं लागलं की."

मी काहीतरी बोलले. माझा आवाज अर्धा, त्यांचे कान अर्धे. केतकी मध्ये उभी राहून माझं वाक्य मोठ्यानं परत म्हणायची. मी म्हणाले, तुम्ही बारीक झालात. केतकी ओरडली, "आई म्हणतायत, तुम्ही बारीक झालात." बाहेरून जाणारा वॉर्डबॉय थांबून आत बघून गेला.

"बारीक होणारच की," त्या म्हणाल्या. "तू वाढलीस तितकी मी आटले."

निघताना त्यांनी माझा हात उचलून उलटा केला. बोटं आत वळलेली होती, मूठ उघडत नव्हती. त्यांनी एकेक बोट सरळ केलं, सोडलं की ते परत वळायचं. "उद्या येते मा," एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी खरोखर आल्या. तिसऱ्या दिवशीही.

डांगर

गिळायचं शिकवायला एक बाई येत. त्यांनी सांगितलं, पातळ काही नको, ठसका लागून छातीत जाईल. घट्टही नको. चमचा आडवा केला तर हळूहळू सरकेल असं हवं. त्यांची एक पूड होती, ती पाण्यात घातली की पाण्याची खळ व्हायची. कपड्यांना घालतो तीच चव. मी दोन चमचे घेतले आणि तोंड मिटलं. आठवडाभर असं चाललं तर पोटातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मंदारनं मला हात जोडले, केतकी रागावली. मला अन्नच नकोसं झालं होतं. तो आजारपणातला सगळ्यात वाईट आठवडा. ज्यांच्या पेशंटनं तोंड मिटलंय, त्यांनी त्याच्यावर चिडू नका. त्याला चव नसलेल्या जगात ठेवलेलं असतं.

जानकीबाईंनी गीताकडून सगळं समजून घेतलं. दुसऱ्या दिवशी स्टीलचा डबा आला. त्यात डांगर होतं. उडदाची डाळ भाजून, दळून, दह्यात कालवलेली. हिंग, मीठ, बस. कांदा-मिरची काही नाही. आमच्या सोलापुरातही डांगर करतात, आणि त्यांच्याकडेही, नावही तेच. या एका पदार्थावरून लहानपणी आमची दोघींची भांडणं नव्हती.

गिळायचं शिकवणाऱ्या बाईंनी डबा बघितला, वास घेतला, चमचाभर घेऊन आडवा केला. डांगर चमच्यावरून निघायला तयार नव्हतं. "थोडं सैल करा," म्हणाल्या. जानकीबाईंनी तिथंच दही घालून सैल केलं. पुन्हा चमचा आडवा. आता ते हळूच सरकलं. "सरी," बाई म्हणाल्या. चालेल.

हनुवटी खाली करून, आधी नुसतं जिभेवर ठेवून, मग गिळायचं. हिंगाचा वास नाकात चढला, जिथं इतके दिवस नळी होती. मी गिळलं. ठसका लागला नाही. दुसरा चमचा मी मागितला.

मंदार खिडकीकडे तोंड करून उभा होता. "काय रे, काय बघतोस?" मी त्या बारीक आवाजात विचारलं. "काही नाही, कावळा आहे," म्हणाला. खिडकीबाहेर भिंत होती.

विचारायचं ते

एका दुपारी केतकी ऑफिसात, गीता खाली कॉफीला गेलेली. आम्ही दोघीच. मी सगळा जोर लावून विचारलं, "मला घेऊन का नाही गेलात?"

मध्ये कोणी लाऊडस्पीकर नव्हता. त्यांनी कान पुढे केला. मी तीनदा विचारलं. असा प्रश्न तीनदा विचारायची वेळ कुणावर येऊ नये. तिसऱ्या वेळेपर्यंत त्यातला राग निघून जातो.

"विचारलं होतं की," त्या म्हणाल्या. "तुझ्या आत्तेनं सांगितलं, मुलगी आमची. माझ्या भावानं मज सांगितलं, तुजच आम्ही कसं सांभाळायचं ते बघतो आहो. मग काय." आणि पुढे म्हणाल्या, "घेऊन गेले असते तरी तू आली नसतीस."

मी विचार केला. "नसते आले," मी म्हणाले.

हे मात्र त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं. हसायला लागल्या, दात नसलेल्या बाजूनं. मलाही हसू आलं.

मग सांगत बसल्या. शाळेत त्यांना लोक विचारायचे, मुलंबाळं? त्या सांगायच्या, एक मुलगी आहे, सोलापूरला. कशी आहे? बरी आहे. मुलीचं लग्न झालं का? झालं. "मज काय माहीत," त्या म्हणाल्या. "पण अस्के विचारायचे, सगळे. मी तुज मोठी करत गेले. तुज दोन मुलगे सांगितले होते मी. एकच निघाला."

मी म्हटलं, "बाकी बरोबर आहे."

तूक्कुंग

पुढचे महिने व्यायामाचे. सेल्वी नावाची मुलगी यायची, दिसायला चिमणी, आवाज हवालदाराचा. "तूक्कुंग, तूक्कुंग," म्हणजे उचला, उचला. पाय उचला, हात उचला, पापणी तेवढी आपोआप उचलली जायची. दुखणं पायांपासून वर चढत गेलं, नसा परत येताना मात्र वरून खाली येतात. आधी मान, मग खांदे, मग कोपर. बोटं सगळ्यात शेवटी. मी वॉकर धरून चार पावलं टाकली तेव्हा मंदारनं फोनवर चित्रण केलं आणि सोलापूरच्या सगळ्या नातलगांना पाठवलं. त्यात माझा गाऊन मागून उघडा होता. असो.

हात मात्र मागे राहिला. सेल्वी मातीसारखा एक गोळा दाबायला द्यायची, कपड्यांचे चिमटे काढायला लावायची. डोळे मिटायला सांगून तळहातावर कधी कापूस, कधी थंड चमचा टेकवायची. "तेरियुदा?" कळतंय का? मी अंदाजानं सांगायची. ती चुकीचं पकडायची. चमच्याला कापूस म्हटलं की चेहरा पाडायची, मग लगेच म्हणायची, "परवाइल्लै, वरुम." हरकत नाही, येईल. ही दोन तमिळ वाक्यं मी प्रत्येक पेशंटला शिकवीन.

चमच्यानं जेवता यायला लागलं, सांडत सांडत. तळहाताला काही कळत नव्हतं. मी मनाची समजूत घातली, एवढं परत मिळालं, तळहात नसला तरी चालतंय.

वेस्ट मांबलम

परवाच्या रविवारी जानकीबाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. मी ठरवलं होतं ना, चालत जाऊन भेटेन. ते उलटं झालं होतं, त्या आधी आल्या. पण दारातल्या रांगोळीला वळसा घालून, काठी टेकत, त्यांच्या तीन पायऱ्या मी चढले. त्या वर उभ्या होत्या. हात द्यायला पुढे आल्या नाहीत. मीही मागितला नाही. वर पोचल्यावर म्हणाल्या, "चप्पल आत आण, बाहेर कुत्रं नेतं."

माझ्यासाठी खुर्ची मांडली होती. बाकीची सगळी खाली फरशीवर बसली, गीता, तिचा नवरा, मंदार, केतकी. जानकीबाई मध्ये मोठं पातेलं घेऊन बसल्या. भात, तूप, आंबट वरण. त्या वयात, त्या हाडांच्या हातानं त्या ते कालवत होत्या. मंदारनं कारखान्यात पन्नास माणसांवर हुकूम चालवणारा हात पुढे केला आणि त्यावर गोळा पडला. केतकीच्या हातावर पडला. ती म्हणाली, "आजी, वरण आणखी." खळग्यात वरण पडलं, कोपरापर्यंत ओघळलं, ती ते चाटत हसत होती.

मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज तोच, प्रश्न तोच.

"हातावर देऊ की ताट?"

गीतानं ताट मांडून ठेवलेलंही होतं, बाजूला चमचा. सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटत होतं, हाताला जमेल का, हा प्रश्न आहे. तोही होताच.

मी हात पुढे केला. बोटं थोडी वळलेली, थरथरणारी. डाव्या हातानं मी त्याला खालून आधार दिला. जानकीबाईंनी गोळा वळला, लहान वळला, आणि माझ्या तळहातावर ठेवला. अंगठ्यानं खळगा केला. त्यात वरण घातलं.

मी बघत बसले. हात खाली गेला नाही. आणि मग मधोमध, तळहाताच्या अगदी मधोमध, काहीतरी जाणवलं. आधी वाटलं, मुंग्या. मुंग्या नव्हत्या.

"गरम आहे," मी म्हणाले.

त्यांना ऐकू गेलं नाही. पुढचा गोळा वळायला लागल्या होत्या. केतकीनं तोंड उघडलं, ओरडून सांगायला. मी तिला मान हलवून थांबवलं. छातीत भरेल तेवढा दम घेतला.

"गरम आहे, आई."

ती वळली. माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग फुंकर मार की," ती म्हणाली.